ध्यानाच्या खोलीतला बल्ब

टिपणीस मास्तरांनी बल्बचं पांढरं टोपण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं. लेकीनं ध्यानाच्या खोलीत लावून दिलेला हा बल्ब हालचाल ओळखायचा. माणूस अर्धा मिनिट निश्चल राहिला, की त्यानं विझायचं. पण मास्तर रोज तासभर ध्यानाला बसत आणि हा पठ्ठ्या तासभर पेटलेलाच!

"बल्ब चांगला आहे हो," कुमुदताई दारातून म्हणाल्या. "मी जपाला बसले की विझतो."

"अकरा वर्षांची साधना आहे माझी! बल्बच खोटा." तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरिंग शिकवलेल्या माणसाला एक टीचभर बल्ब खोटं पाडणार?

मीटर लावून त्यांनी एकेक सांधा तपासला. दोष काही सापडेना. शेवटी त्यांनी तो उघडाच बल्ब टेबलावरच्या होल्डरात लावला, पडदे ओढले आणि समोर बसून त्या चिमुकल्या सेन्सरवर नजर रोखली. आता पकडतोच लबाडाला! दूधवाल्यानं दोनदा बेल वाजवली, ती ऐकू आली नाही. नाकावर माशी बसली, तीही कळली नाही.

खोलीत अंधार झाला.

"विझला! अगं, विझला!" मास्तरांनी उडीच मारली, तसा पुन्हा लख्ख उजेड पडला.

कुमुदताई दुधाचं पातेलं घेऊन दारात आल्या.

"लागलं बाई एकदाचं ध्यान," त्या म्हणाल्या. "उद्यापासून देव मी सांभाळते. तुम्ही बल्बापुढेच बसत जा."