उतरता उजेड

"तुम्ही आता आराम करा, वहिनी," असं तिसऱ्यांदा सांगून शेजारचे खांबेटे पुन्हा खुर्चीत टेकले आणि आपल्या मेहुण्याच्या ऑपरेशनच्या हकिगतीकडे वळले. कुमुदताई कालच हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या. डॉक्टरांनी झोप घ्यायला बजावलं होतं. पण आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला 'उठा' म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्यांचे यजमान मोरेश्वर यांनी उभं आयुष्य हौशी नाटकांचे दिवे सांभाळले होते. घरातल्या दिव्यांसाठी लेकाने त्यांना हातात मावेल असा बटणांचा छोटा पॅड आणून दिला, तेव्हा त्यातली 'वाचन', 'सिनेमा' ही बटणं पुसून त्यांनी आपली प्रकाशयोजना भरली. शेवटच्या बटणावर खुणेला बायकोची टिकली चिकटवली होती. आता त्यांनी ते हळूच दाबलं.

काही झालंय असं वाटलंच नाही. फक्त उजेड पिवळसर होत उतरत गेला, आणि मेहुण्याला भूल द्यायच्या आधीच खांबेट्यांना जांभई आली. "बराच उशीर झाला की," म्हणत ते निघाले. समोरच्या घरात अजून कुकरची पहिली शिट्टीही झाली नव्हती.

"बघितलंस?" पॅड पलंगावर ठेवून मोरेश्वर खुर्ची ओढून बसले. "घाईने उतरवला तर प्रेक्षकाला कळतं. आमच्या एका नाटकात तिसऱ्या अंकाला..."

"हं," म्हणत कुमुदताईंनी टिकली चाचपली.

तिसरा अंक सुरू होण्याआधीच मोरेश्वरांना जांभई आली. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"हात छान बसलाय तुझा," असं मनापासून म्हणून ते पाय न वाजवता बाहेर गेले.