बुडालेल्या नावाड्याचा आवाज

मरायला काकांना एकच टेक लागला. माइकसमोर उभं राहून त्यांनी छातीतली हवा हळूहळू सोडली, शेवटी घशात बुडबुडा फुटल्यासारखा बारीक आवाज झाला, आणि मग काही नाही. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा उंचावला. त्याच्यामागे सोफ्यावर बसलेल्या काकूंनी मान खाली घातली.

काकांनी हेडफोन काढून खुंटीला अडकवले. संपलं एकदाचं. या व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागात नावाडी गाजला तो त्यांच्याच आवाजावर. त्याने वादळाला घातलेली हाक पोरं बसस्टॉपवर एकमेकांना घालायची. मग घशाचं ऑपरेशन झालं, आणि त्या आवाजाच्या जागी कढईचा तळ खरवडावा तशी खरखर उरली. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच नावाडी बुडून मरतो, असं फोनवर ऐकलं तेव्हा काका काय ते समजले. मरायला आवाज लागत नाही. तेवढ्यापुरतं म्हाताऱ्याला बोलवायचं, मान राखायचा, आणि पुढे नवा गडी घ्यायचा. त्यांना राग आला नव्हता. "निदान बोलावलं तरी," इस्त्रीचा शर्ट हातात देताना काकू म्हणाल्या होत्या.

"काका, निघालात कुठे?" स्पीकरमधून गेमच्या लेखिकेचा आवाज आला. "आता उठायचंय."

"कुणी?"

"तुम्हीच. मेलात ना? आता जिवंत व्हा."

काकांचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. "उठणारा दुसरा कोणी असेल ना?"

उत्तर द्यायला लेखिका आतच आली. तिशीची, केस पेन्सिलीने वर खोचलेले. नावाड्याचं पहिल्या भागातलं बोलणं तिनेच लिहिलं होतं, हेही तिनेच लिहिलेलं.

"बुडवलात कशाला पण त्याला?" विचारायचं नाही असं ठरवलेलं काकांच्या तोंडून निघून गेलं. "चांगला वल्हवत होता की."

"चांगला वल्हवत होता, तीच तर पंचाईत. पहिल्या भागात खेळणाऱ्यांनी त्याला सगळं मिळवून दिलं. बळ, हत्यारं, होडी. असा माणूस दुसऱ्या भागात करणार काय? बसून खाणार? मेला की सगळं हातचं जातं. मग वल्हं धरण्यापासून पुन्हा शिकायचं. खूप खेळांत असंच करतात काका, यात माझी अक्कल काही नाही."

"आणि आवाज?"

ती जरा घुटमळली. "कंपनीच्या साहेबांचं म्हणणं होतं, जुनी रेकॉर्डिंग मशीनला दिली की हुबेहूब तोच आवाज निघतो. तुम्ही यायचीसुद्धा गरज नाही, फक्त होकार द्यायचा. मी म्हटलं, तळाशी जाऊन आलेला माणूस कालच्यासारखा खणखणीत बोलायला लागला, तर लोक म्हणतील हा मेलाच नव्हता."

काकांनी अगदी हळू विचारलं, "दया करतेस का गं?"

तिचे कान लाल झाले. "थोडी करत असेन," ती म्हणाली. "पण तुमच्याआधी चांगल्या चांगल्या नटांना मुद्दाम घसा बसवून बोलायला लावलं होतं. एकजात सर्दी झाल्यासारखे वाटले."

माइक चालूच होता. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला फिसकन हसला. काकांनाही हसू आलं, आणि हसता हसता खोकला.

तिने संवादाचं पान स्टँडवर लावलं. काका पुन्हा माइकसमोर उभे राहिले. "नदीने मला परत पाठवलंय," त्यांनी सुरुवात केली, "ज्यांनी माझी नाव फोडली, त्यांना..." पुढे श्वासच पुरेना. शब्द घशात अडकला, आवाज फाटला आणि विरून गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी "नाव"पर्यंतसुद्धा पोहोचता आलं नाही. काचेकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"घाई नाही, काका."

"घाईचं नाही गं. हे वाक्य जुन्या नावाड्याचं आहे." त्यांनी पानावर बोट टेकवलं. "शुद्धीवर येणारा माणूस भाषण ठोकत नाही."

"मग काय बोलतो?"

"पाणी मागतो."

"बुडालेला माणूस पाणी मागेल?"

"घसा कोरडाच असतो. मला विचार."

लेखिकेने केसांतली पेन्सिल उपसली, पान स्टँडवरून उचललं आणि सगळा संवाद वरपासून खालपर्यंत खोडला. ती बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. लाल दिवा लागला.

काकांनी डोळे मिटले. ऑपरेशननंतर दवाखान्यात डोळे उघडले होते तेव्हा गळ्यात नळी होती. ओठ हलले होते, आवाज निघाला नव्हता, आणि नर्स उशी सारखी करून निघून गेली होती. तो शब्द तेव्हापासून तसाच राहिला होता. आता त्यांनी खांदे सैल सोडले, मान जरा कलती केली, आणि जेवढा होता तेवढ्याच आवाजात म्हणाले,

"पाणी."

काचेपलीकडे कोणी हललं नाही. रेकॉर्डिंगवाल्याचं बोट बटणाच्या वर तसंच थांबलं. लेखिकेने तोंडावर हात धरला होता.

काकू मात्र सोफ्यावरून उठल्या होत्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पेला शोधत होत्या.