धाकट्याचा पाव

भट्टीतून पाव निघाला आणि धाकटा भाऊ मागच्या दाराने बेकरीत शिरला. डोळ्यांतला पिवळेपणा आजही होता, पण स्वारी खुशीत होती. ताईने गरम पाव त्याच्यापुढे सरकवला.

हा पाव ती त्याच्या एकट्यासाठी भाजायची. पिठात काविळीवर देतात ती भुईआवळ्याची पूड, आणि तिचा कडूपणा लपवायला चमचाभर साखर. डॉक्टरांनी लिव्हरचं नाव काढल्यापासून धाकट्याने गोळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं; पाव मात्र तो न चुकता खायला यायचा. आजही उभ्याउभ्याच अख्खा फस्त केला. एवढं मन लावून खातोय म्हणजे बरं व्हायचं याने मनावर घेतलंय, असं वाटून ताईला भरून आलं.

तोंड पुसत त्याने बाहेर थांबलेल्या दोन मित्रांना हाक मारली आणि त्यांनाही असाच पाव दे म्हणाला.

"त्यांनाही कावीळ झालीय?"

"छे गं! मीच सांगितलं त्यांना. सकाळी हा पाव पोटात गेला, की संध्याकाळी कितीही घ्या, लिव्हरला धक्का नाही. आधी दोन पेग झाले की धास्ती वाटायची. आता कशी निवांत बैठक जमते. ताई, तुझ्या हाताला गुण आहे."

तो चेष्टा करत नव्हता. अगदी मनापासून कौतुक करत होता. ताई पिठाच्या पोत्यावर बसली. उद्यापासून पाव बंद, असं तिने सांगून टाकलं.

धाकटा रागावला नाही. त्याने तिच्या खांद्यावरचं पीठ हळूच झटकलं.

"बरं, नको करूस. मग पूर्वीसारखी उपाशीपोटी घेईन."

तो घेणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवसभरात या पावाशिवाय त्याच्या पोटात कण जात नाही, हे त्याच्या बायकोने कालच रडत सांगितलं होतं. ताईला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं, त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच झालं नाही.

तो दारापर्यंत पोचला तेव्हा तिने मान खाली घालूनच विचारलं,

"उद्या किती वाजता येशील?"