पिठातला ब

लेक चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. म्हणून आईने घरीच अक्षरांचे खेळ मांडले. आज ‘ब’ची पाळी होती. टेबलावर बटणं, बाहुली, आणि गिरवायला ताटात पसरलेलं पीठ.

आईने ब काढला आणि पुसला. “आता तू काढ हं, राणी.”

लेकीने हात मागेच ठेवले. पिठात मात्र हळूहळू एक गोल उमटला, मग दांडी.

आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने ताट ओढायला हात पुढे केला, तो लेकीने धरला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती हसत होती.

“थांब ना आई,” ती स्वच्छ बोलली, “तिचं अजून व्हायचंय.”

आईचे डोळे भरून आले. हात मागे घेत तिने विचारलं, “तिला पुढचं कुठलं अक्षर हवंय गं?”