सोड

“सोड, सोड!” नवरा ओरडला आणि बायकोने सोडलं.

चौकात वळता वळता गाडीने एक जोरदार गचका खाल्ला आणि ती जागीच बंद पडली. समोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक म्हातारे गृहस्थ वॉकर धरून उभे होते. वॉकर आणि बंपर यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. तिने घाईघाईने काच खाली केली.

“आजोबा, लागलं का हो?”

म्हाताऱ्यांनी आधी वॉकरच्या चारही पायांकडे पाहिलं, मग गाडीकडे. “मला कुठे? दचकली ती तुमची गाडीच. पाणी पाजा तिला.” आणि ते पुन्हा आपल्या चालीने निघाले. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा.

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. माणूस वाचला होता. मागचे हॉर्न ठणाणा करत होते, पण आता ते तिला गोड लागत होते.

“मी सोड म्हटलं ना?” नवरा म्हणाला. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती. नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं होतं, दुसरा डोळाही फार दिवसांचा नाही, स्टीअरिंगला आता हात लावायचा नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस तो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच त्याने बायकोला बजावलं होतं, “घरापर्यंत नीट नेलीस तर गाडी ठेवू. नाहीतर संध्याकाळी गाडी बघायला येतोय त्याला विकून टाकतो.”

“सोडलं की!” ती म्हणाली.

“अगं, क्लच नाही! त्यांना सोड, म्हणजे त्यांना जाऊ दे!”

“मैदानावर इतके दिवस शिकवलंत, तेव्हा सोड म्हणजे क्लच होता. आज अचानक म्हातारा कसा झाला?”

ब्रेकवरचा पाय तेवढा तिने हलवला नव्हता. आणि क्लच एकदम सोडून गाडी बंद पाडायची तिची खोड, जिच्यावरून त्याने मैदानावर तिला रडकुंडीला आणलं होतं, तीच आज म्हाताऱ्यांच्या कामी आली होती. दोघांनाही ते कळलं.

“पण आपल्याला तर हिरवा होता,” ती अजून घुश्शातच होती. “मग ते कसे आले मध्ये?”

“त्यांनाही हिरवाच आहे. तो बघ, कोपऱ्यावर चालणारा हिरवा माणूस. वळताना असंच असतं.”

“दोघांनाही हिरवा? मग जायचं कोणी?”

“त्यांनी. वळणाऱ्याने थांबायचं. हिरवा म्हणजे जा नव्हे गं, हिरवा म्हणजे रस्ता मोकळा असेल तर जा.”

“हे आधी सांगायला तोंडाला कुलूप होतं का?”

“त्यात काय सांगायचं? पायालाच कळतं ते.”

“तुमच्या पायाला. माझा पाय नवा आहे.” तिने किल्ली फिरवली. इंजीन सुरू झालं, तसा तिचा श्वासही सुरू झाला. “ऐका. आजपासून क्लचला क्लच म्हणायचं आणि माणसाला माणूस.”

“बरं.”

“आणि ओरडायचं नाही.”

“बरं म्हटलं ना!”

“हे ओरडलात.”

म्हातारे पलीकडच्या फुटपाथवर पोहोचले होते. तिथून त्यांनी हात वर केला. आशीर्वाद होता की ‘निघा आता’, कोण जाणे. ती निघाली.

पुढच्या चौकातही वळायचं होतं. लाल दिवा. ती पट्ट्यांच्या अलीकडे थांबली, अगदी रेघेला धरून. नवऱ्याने मान पुढे काढून एका डोळ्याने रेघ पाहिली आणि मान मागे घेतली. हिरवा झाला. ती हळूच वळली आणि पुढच्या पट्ट्यांपाशी पुन्हा थांबली. बाबागाडी ढकलणारी एक आई गेली. खांद्यावर शिडी घेतलेला रंगारी गेला. मागून हॉर्न सुरू झाले. नवऱ्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

रस्ता रिकामा झालाच होता, तेवढ्यात एक बाई धापा टाकत कडेला आली आणि गाडी पाहून बिचकली. बायकोने काचेतून हाताने खूण केली, या, या, सावकाश या. बाई हसली, पिशव्या सावरत पलीकडे गेली. आता खरोखर कोणी नव्हतं. तिने दोन्ही बाजूंना पाहून घेतलं.

“सोडू?” तिने विचारलं.

“काय?”

“क्लच.”

“सोड.”

गाडी न गचकता निघाली. पट्टे मागे पडले, चौक मागे पडला, आणि तिच्या पाठीचा ताण कुठल्या कुठे गेला. नवरा खाकरला.

“तो संध्याकाळी येणारा... त्याला नको म्हणून कळवतो.”

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला मघापासून त्याचा हात दिसत होता. दवाखान्यापासून त्याने दारावरचं हँडल गच्च आवळून धरलं होतं, नखं पांढरी पडली होती.

“अहो,” ती म्हणाली, “आता तुम्हीही सोडा.”

त्याने वर पाहिलं. एकेक बोट सुटलं. मग तो हात त्याने मांडीवर आणून ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला.