भिंतीवरचे गोल

"हे काय काढून ठेवलं बाप्पा?" खुशालराव अंगणातच थबकले.

दारालगतची सबंध भिंत गोलांनी भरली होती. मोठे गोल, लहान गोल, एकात एक अडकलेले, काही अर्धेच. गेरूचे, निळीचे, हळदीचे. मोर नाही, तुळस नाही, गणपती नाही. कितीही डोकं खाजवलं तरी अर्थ लागेना.

थोरली बहीण पार्वताबाई हिला घेऊन ते तेल्हाऱ्याहून बैलांच्या दमणीनं अकोल्याला मुलगी बघायला आले होते. माळ्याचं घर, वांग्या-कांद्याचा मळा, पोरगी कामाची. मागल्या साली पलेगानं खुशालरावांचा थोरला मुलगा आणि सून चार दिवसांत नेली. गाव वावरात झोपड्या घालून राहिलं. सरकारी माणूस काही तिकडे फिरकला नाही. आता धाकटा गोवर्धन तेवढा उरला होता. त्याच्यासाठी त्यांची एकच अट होती. पलेग शिवलेल्या घरची मुलगी नको, मग ती अप्सरा का असेना.

म्हणून पाय धुवायच्या आधीच त्यांनी मुलीच्या आईला, माणिकबाईला, विचारून घेतलं.

"शहरात असंल भाऊ," ती म्हणाली. "आमच्या इथं नाही."

"अन् घरधनी?"

"चांदूर बाजारले गेले. बियाण्यासाठी."

पोरगी बघायला पाहुणे येणार आणि बाप गावाला! खुशालरावांना हे काही रुचलं नाही. त्यातून ही भिंत.

"करणीबिरणी तर नसंल?" ते बहिणीच्या कानाशी कुजबुजले.

पार्वताबाईचा आवाज मुळातच खणखणीत. "काहून वं माणिकबाई, ह्याचा अर्थ तरी काय?"

माणिकबाई हसली. हसू जरा उशिरानंच आलं. "अर्थ कशाचा बाई! आमच्या शकुननं काढलं. कांदा आडवा कापाचा, गेरूत बुडवाचा, भितीले लावाचा. केळीच्या खुंटाचा काप घेतला का मोठा गोल. टाकून द्याची भाजी कामी येते."

शकुन गूळपाणी घेऊन आली. मान खाली, बोटं निळीनं माखलेली. तिनं तांब्या ठेवला आणि दाराआड उभी राहिली.

खुशालराव पुन्हा भिंतीपाशी गेले. बोट लावलं तर गेरू ओला. "सण नाही, वार नाही. आताच कशाले रंगवली?"

"तुमी येणार म्हणून," माणिकबाई म्हणाली.

मोर असता तर मोर म्हणता आलं असतं. ह्याला म्हणावं काय? जवळून पाहावं तर नुसते डाग, आणि चार पावलं मागं सरकावं तर जत्रेत फुगड्या रंगल्यासारखं वाटायचं. त्यांच्या स्वतःच्या भिंतीला वर्षभर पोतेरासुद्धा फिरला नव्हता. का कोण जाणे, खुशालरावांचे डोळे भरून आले. रंगाच्या ठिपक्यांपायी रडू यावं, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"आक्का," ते म्हणाले, "लाव कुंकू पोरीले."

"अरे, बाप घरी नाही, अन्..."

"लाव म्हणतो ना!"

पार्वताबाईनं कुंकू लावलं, ओटी भरली. माणिकबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडली. पोरीची आईच ती, रडायचीच, असं म्हणत पार्वताबाईनं तिची पाठ थोपटली.

निघताना खुशालराव दाराशी थांबले. बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

"पोरी, लगीन झालं का आमची भीतबी अशीच रंगव. अन् हा दाराच्या डोक्यावरचा मोठा लाल गोल हाये ना, तो पह्यला काढ. मले तोच लय आवडला."

"शकुन, आत जा," माणिकबाई घाईनं म्हणाली.

शकुन आत गेली नाही. तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

"तेवढा नका काढाले लावू, मामाजी," ती म्हणाली. "बाकीचे समदे त्याले लपवाले काढले. तो मी नाही काढला. पलेगच्या शिपायानं काढला, परवा बाबाले नेलं तवा."