भर दुपारी

वॉरंटी कंपनीचा तीन दिवस रोज फोन येत होता. कूलर, फ्रिज, मोटार, घरातलं काहीही बिघडलं तरी आमचा माणूस येईल म्हणे. महाल भागातल्या वासुदेवरावांचा जीव मात्र गल्लीतल्या कवडू मेकॅनिकपाशी अडकला होता. अठरा वर्षं घरातलं सगळं त्यानेच दुरुस्त केलं होतं, स्वयंपाकघरात बसून चहा पीत. पण हल्ली त्याचं दुकान बंदच दिसायचं.

"काहून येरझारा मारून राहिले?" त्यांच्या पत्नी कुसुमताई वैतागल्या. "घेऊन टाका नं. कवडूले कोण सांगते?"

वासुदेवरावांनी वॉरंटी घेतली, आणि आठवड्यात कूलर बंद पडला. "माणूस भर दुपारी पाठवा," त्यांनी कंपनीला बजावलं. त्या वेळी गल्लीत चिटपाखरू नसतं.

दोन वाजता बेल वाजली. कंपनीचा निळा टी-शर्ट घातलेला माणूस खाली मान घालून आत आला, आणि तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा न सोडताच कूलर उघडू लागला.

"दुपट्टा तं काढा, घरात कुठं ऊन आहे?" वासुदेवराव म्हणाले.

त्याने सावकाश दुपट्टा सोडला.



"काका, मी त्याईले सांगतलं होतं," कवडू जमिनीकडे पाहत म्हणाला, "महालातली घरं मले देऊ नका."